घार म्हटलं तरी

कारखान्यातल्या बायका तिला काजवाली म्हणत. बावीस वर्षं ती शर्टांना काजं करत होती. नवरा शाळेची बस चालवायचा आणि सुट्टी मिळाली की गळ्यात दुर्बीण अडकवून शिकारी पक्षी बघायला पळायचा. "घरात बायको उपाशी, हे मोजतायत गरुडाची पिसं!" असं ती चारचौघांत म्हणायची, तोही हसायचा.

सात महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "आवडीचं काही दाखवून बघा. सांगता येत नाही." या चार शब्दांवर तिनं मुकादमाच्या हातापाया पडून रजा काढली आणि नवऱ्याला चाकाच्या खुर्चीसकट अभयारण्याच्या सहलीला नेलं.

नणंद म्हणाली होती, "वहिनी, त्याला जेवलेलं कळत नाही, पक्षी काय कळणार?"

"तुम्ही गप्प बसा, वन्सं."

माळावर बोचरा वारा होता. वाटाड्यानं हात वर केला. "तो बघा, वठलेल्या झाडावर! गरुड!" पंधरा दुर्बिणी एकदम वळल्या. नवरा मात्र स्वतःच्या गुडघ्यावरच्या शालीकडे बघत राहिला.

तिनं दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली. त्यानं डोळे मिटले.

मग तिला एक युक्ती सुचली. दिसेल त्या पक्ष्याला घार म्हणायची तिची खोड होती, आणि त्यावर तो हमखास चिडायचा. "घार नव्हे गं बाई! शेपटीला खाच दिसतेय का?"

ती मोठ्यानं म्हणाली, "अहो, ती बघा घार!"

वाटाड्या चमकला. नवरा ढिम्म.

"घारच आहे ना? केवढी मोठी घार! अहो, सांगा ना, घारच ना?" तिचा आवाज चिरकला. "एकदा तरी मला वेड्यात काढा हो!"

आणि तिनं त्याची हनुवटी धरून मान जोरानं वर केली. त्याच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. तिनं हात सोडला, तर गालावर तिच्या बोटांचे वळ. लोकांनी माना वळवल्या. तेवढ्यात गरुड उडाला असावा; कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

वाटाड्या हळूच जवळ आला. "ताई, हिवाळाभर असतात ते. परत आणा त्यांना."

"हो," ती म्हणाली. पुन्हा रजा मिळणार नव्हती, आणि मिळाली असती तरी तिच्यात बळ उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ती ओल्या रुमालानं त्याचा गाल पुसत राहिली. "चुकलं हो माझं," ती पुटपुटत होती. तो खिडकीकडेही बघत नव्हता.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "काय सुंदर होता नाही गरुड? मानेवर कसा सोनेरी!"

काजवालीनं रुमालाची घडी बदलली. दिवसभर ती नवऱ्याच्या तोंडाकडेच बघत होती. गरुड तिनं पाहिलाच नव्हता.