हद्दीपलीकडचं प्रेत

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली. ज्याची आठवण आजही पाठ सोडत नाही, ते प्रेत मात्र मी पाहिलंच नाही.

गोष्ट एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची. आज पिंपरी-चिंचवड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रुंद रस्ते, कंपन्यांच्या बसगाड्या आणि वाकडच्या उंच इमारती येतात. तेव्हा नदीच्या अलीकडे सुटी सुटी गावं होती, ज्वारीची शेतं होती, निर्वासितांची छावणी होती आणि एका नव्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. पलीकडे पुणं. मधली नदी हीच आमची हद्द. काठावरच्या एका छोट्या ठाण्यात मी नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. नव्या फौजदाराच्या अंगात जी मिजास असते ती माझ्याही अंगात होती.

एका सकाळी विशी-बाविशीची एक बाई ठाण्यात आली. नवरा चार दिवसांपासून बेपत्ता होता. तो पलीकडे, पुण्याच्या बाजूला, एका बांधकामावर बिगारी होता. पुलाचा वळसा नको म्हणून गावचे बिगारी कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडत. धोतर डोक्याला गुंडाळलेलं आणि अंगात नुसती बंडी. पाऊस ओसरत आला होता, पण मावळात सर पडली की पाणी बघता बघता चढायचं.

मी हरवल्याची नोंद घेतली आणि सगळे सांगतात तेच सांगितलं, "येईल बाई, वाट बघ."

ती रोज यायला लागली. जोत्यावर बसायची आणि दुपारी उठून जायची. तिच्या गावात वेगळंच बोललं जात होतं. बांधकामावरची एक मजूर बाई त्याच सुमारास काम सोडून गेली होती. गावानं दोन आणि दोन चार केले: गडी तिला घेऊन मुंबईला पळाला. सासू म्हणत होती, नवरा सांभाळता आला नाही, आता जा माहेरी. म्हणजे टाकलेली बाई म्हणून जन्म काढायचा. मी त्या मजूर बाईचा तपास केला. ती भावाकडे बाळंतपणाला गेली होती. पण ते सांगूनही गाव ऐकेना.

"सायेब, मालक मला टाकून जायचे न्हाईत," ती म्हणायची. "काय झालंय त्ये सांगा. वाईट असंल तरी सांगा."

वीसेक दिवसांनी तिच्या गावचे पोलीस पाटील आले. वयस्क, सावकाश बोलणारा माणूस. म्हणाले, "साहेब, एक ध्यानात आलं म्हनून सांगतो. आपल्या घाटाखालच्या डोहातली जाळी भोयानं काढून वरच्या अंगाला नेलीत. ऐन मासळीच्या दिसांत डोह सोडनारा न्हाई तो. जाळ्याला मढं लागलं तरच भोई म्हैनाभर ती जागा सोडतो. पूर्वीपासूनची रीत हाय त्यांची."

माझे डोळे चमकले. भोई आमचा रोजचा ओळखीचा. त्याच्याकडे आधी चौकशी झाली होती, तेव्हा काहीच पाहिलं नाही म्हणाला होता. म्हणजे खोटं बोलला होता. मी त्याला उचलून आणलं आणि सकाळपासून प्रश्नांची सरबत्ती लावली. डोह का सोडलास? प्रेत कुणाचं होतं? भांडण झालं होतं का? तूच बुडवलंस का? दमदाटी केली, फासाची भीती घातली. आज सांगताना लाज वाटते, पण केली.

तो नुसती नकारार्थी मान हलवत होता. मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक प्रश्नाला तो आधी दाराकडे बघायचा. दारात आमचे जमादार उभे होते. गुन्हेगार सहसा जमिनीकडे बघतो. दाराकडे बघतो तो घाबरलेला साक्षीदार. मी जमादारांना बाजाराच्या बंदोबस्ताला पाठवलं आणि भोयाला पाणी दिलं.

"आता बोल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सायेब, तुमाला खरंच ठावं न्हाई व्हय?"

"काय?"

"मढं माझ्या जाळ्याला लागलं त्ये मी लगीच ठान्यात येऊन सांगितलं. जमादार आले, दोन शिपाई आले. लांब बांबू लावला आन् धारंला ढकललं. पलीकडं जाऊन लागलं त्ये. मी म्हनलं, असं करू नगा, कुनाचा तरी मानूस हाय. जमादार म्हनले, सायेबांचा हुकूम हाय, तोंड उघडलंस तर आत टाकीन."

मला ती सकाळ आठवली. कारखान्याच्या जागेवर एक मंत्री येणार होते. मी बंदोबस्ताच्या कागदांत बुडालो होतो. जमादार टेबलाशी येऊन म्हणाले होते, "साहेब, डोहात बेवारस मढं आलंय. पंचनामा, गाडी, दवाखाना, यात दोन दिवस मोडतील. आपली माणसं सगळी बंदोबस्तावर. पलीकडच्या हद्दीत लागलं तर?" मी मान वर न करता म्हणालो होतो, "बघून घ्या," आणि त्याच क्षणी विसरूनही गेलो होतो. नदीकाठच्या ठाण्यांत ही वहिवाटच होती. पलीकडचेही आमच्याकडे ढकलत. त्यात कुणाला काही वाटत नसे.

आणि ती बाई पहिल्यांदा ठाण्यात आली ती त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

भोयाला मी घरी सोडलं. तिला घेऊन पलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होती: अनोळखी पुरुष, बुडून मृत्यू, अंगावर मार नाही, वारस न मिळाल्याने दफन. मुद्देमालात फक्त एक बंडी. तिच्या खांद्याला हिरव्या लुगड्याच्या काठाचं ठिगळ होतं. बाईनं बंडी हातात घेतली, ठिगळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मीच लावलंय."

मग विचारलं, "पुरलं? जाळलं न्हाई?"

मी सगळं सांगितलं. लपवलं असतं तरी तिला कळलं नसतं, पण सांगितलं. हुकूम माझा होता हेही सांगितलं. ती रडेल, शिव्या देईल अशी माझी तयारी होती. तिनं माझ्या बुटांकडे बघत एवढंच विचारलं,

"हातानं ढकललं का बांबूनं?"

"बांबूनं."

तिनं पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं. "मंग आता एवढं करा. गावात चला आन् समद्यांपुढं सांगा, मालक पळाले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेश घालून तिच्या गावच्या चावडीवर उभा राहिलो. सगळं गाव जमलं होतं. सासू पुढेच बसली होती. मी सांगितलं, तुमचा माणूस कामाहून घरी परतताना नदीत बुडाला, तो पळून गेला नव्हता. सासूनं हंबरडा फोडला आणि सुनेला मिठी मारली. कुणीतरी विचारलं, "मंग इतके दीस कळलं कसं न्हाई?"

मी म्हणालो, "प्रेत पलीकडच्या हद्दीत लागलं होतं."

ती सासूच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलली असती तर गावानं मला चावडीवरून उतरू दिलं नसतं. ती बोलली नाही. जिची अब्रू मी तीन आठवडे उंबऱ्याबाहेर ठेवली, तिनं माझी चारचौघांत राखली.

त्यानंतर माझ्या हद्दीत आलेलं एकही प्रेत मी स्वतः पाहिल्याशिवाय हलू दिलं नाही. नव्या पोरांनाही तेच शिकवलं. पोलिसाच्या हातून मोठं पाप बहुधा लाच खाऊन किंवा काठी उगारून होत नाही. मान वर न करता दिलेल्या हुकमातून होतं, हे मला या प्रकरणानं शिकवलं. पण एवढ्यानं माझी सुटका होत नाही. ठाण्याच्या डायरीत मी तेव्हा चावडीवरचंच वाक्य लिहिलं होतं. पुढचं वाक्य चावडीवरही राहिलं आणि डायरीतही. ते आज लिहितो: प्रेत आमच्या हद्दीत लागलं होतं, आम्ही ते पलीकडे ढकललं, आणि हुकूम माझा होता.