वजनकाट्यामागे लावलेली गाडी

त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. तिची फुकट जाहिरात आमच्या घरात हल्ली सकाळ-संध्याकाळ चालते, तेवढी पुरे झाली. धाकटे दीर चहाला आले की बशी खाली ठेवायच्या आत सुरू होतात. "गाडी घ्यावी तर यांचीच, वहिनी! दार लावलं की आवाज कसा भक्कम येतो! आन् वेटिंग बघा किती हाय!" मी कप उचलून आत निघून जाते. हेच भाऊजी पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून, टपावर टिचकी मारून म्हणाले होते, "वहिनी, गहू साठवायला बरी हाय." अंगणातली सगळी माणसं खो खो हसली. माझा नवराही हसला. भाऊजींचं मला काही वाटलं नाही, यांचं हसणं लागलं.

गाडी माझी होती. माझ्या पगारातून, माझ्या नावावर घेतलेली. मी उपकेंद्रात नर्स. लशींचा डबा मांडीवर घेऊन राहात्याच्या स्टँडवर वडापच्या जीपची वाट बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली. जीपवाला कोंबड्या आधी चढवणार, मग माणसं, मग सिस्टर. एक दिवस ठरवलं, बस झालं. बाजारात सगळ्यात स्वस्त गाडी या कंपनीची होती, म्हणून ती आणली. काच खाली करायचा दांडा हातात निघून यायचा, हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा. पण रोज सकाळी एका किल्लीत चालू व्हायची आणि कुठल्याही वस्तीवरच्या खड्ड्यातून मला बाहेर काढायची. मला आणखी काय पाहिजे होतं?

तेव्हा या कंपनीची गाडी घेणं म्हणजे जवळजवळ सुतक असल्यासारखं. लोक विचारायचे, "दुसरी कुठली मिळाली नाही का?" तशीच, त्याच रंगाची आणखी एकच गाडी मला रस्त्यात भेटायची. बाजारात अंडी पुरवणाऱ्या एका चाचांची. आम्ही समोरासमोर आलो की ते दिवा मारायचे, मीही मारायचे. पेट्रोल पंपावर भेटले की म्हणायचे, "हसू द्या हो सिस्टर लोकान्ला. येक अंडं फुटलं न्हाई आजवर." त्या गाडीबद्दल मी ऐकलेलं एवढंच एक खरं बोलणं. बाकी सगळी उचलली जीभ नि लावली टाळ्याला.

माझे हे हायस्कुलात शिक्षक. गावात सगळे 'सर, सर' करणार, आणि यांनाही ते फार प्रिय. गाडी वापरायला यांना हरकत नव्हती. उन्हातान्हात कोण चालतंय! पण दिसायला नको. शाळेच्या फाटकातून ती एकदाही आत गेली नाही. अलीकडे पिठाची गिरणी होती, तिच्या मागे लावायची आणि तिथून रुमालाने बूट झटकत चालत जायचं. नातेवाइकांकडे गेलो की दोन गल्ल्या सोडून. मी म्हणायचे, "चोरीची आहे का?" तर म्हणायचे, "अगं, लोक बघतात." या माणसाचं अख्खं आयुष्य या दोन शब्दांवर चाललंय. आणि माझा मूर्खपणा बघा, मला तेव्हा गंमत वाटायची. मी त्यांना चिडवायचे, मैत्रिणींना सांगून हसायचे. तेव्हाच खडसावलं असतं, तर पुढचं लिहायची वेळ आली नसती.

कोल्हारला माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. माघ महिना, साखर कारखाने भरात चाललेले. कार्यालय हमरस्त्यालाच. फाटकासमोर पाहुण्यांच्या मोठमोठ्या गाड्या ओळीने लागलेल्या, त्यात भाऊजींची सगळ्यात पुढे. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाजवळ एक गाडीभर जागा होती. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. यांनी मला आणि माझ्या आईला तिथे उतरवलं आणि गाडी घेऊन गेले पुढे, पुलाच्या अंगाला. तिथे उसाच्या गाड्या तोलायचा एक वजनकाटा होता. त्याच्या मागच्या मोकळ्या मैदानात लावून आले. पुन्हा तेच, रुमालाने बूट झटकत.

आता साखरपट्ट्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागतं का, की हंगामात वजनकाट्याच्या मैदानात गाडी लावायची नसते? दुपारपर्यंत तिथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडून जेवायला गेलेले. यांनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तर तिथे लावली. उसामागे लपेल म्हणून.

अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला आणि तो हातातून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. मी तोंडाकडे बघितलं, तर डावा ओठ खाली ओघळलेला. मी नर्स होते. मला काय झालंय ते त्या क्षणी कळलं आणि आपल्याकडे वेळ किती थोडा आहे तेही कळलं. मी ओरडले, "अहो, गाडी आणा!" हे पळत गेले, तेवढं मात्र खरं सांगते. बूटसुद्धा घातले नाहीत.

आईला उचलून कार्यालयाच्या पायरीवर आणलं. माझ्या मांडीवर तिचं डोकं. माणसं गोळा झाली. कुणी कांदा आणा म्हणतंय, कुणी पाणी पाजा म्हणतंय; मी पाणी पाजू दिलं नाही. ओळीने गाड्या उभ्या होत्या, आणि ज्याने त्याने एकच सांगावं, "सर गेलेत गाडी आणायला, येतीलच इतक्यात." भाऊजीही तेच म्हणाले. मीही तेच म्हणाले. आई मधेच वाकड्या तोंडाने विचारायची, "गाडी आली का?" शब्द नीट फुटत नव्हते, पण मला कळत होतं. मी म्हणायचे, "आलीच, आई."

गाडी कुठून येणार? ती तीन ट्रॅक्टरांच्या आत कोंडली होती. हे मैदानात ड्रायव्हर शोधत अनवाणी फिरत होते. एक सापडला तर दुसरा नाही. शेवटी मंडपवाल्याने खुर्च्यांचा टेम्पो रिकामा केला आणि त्यात गादी टाकून आईला नेलं. पन्नास मिनिटं गेली होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तरी लवकर आणायचं." हे वाक्य मी आजही अंथरुणावर कूस बदलताना ऐकते. कारण ते खरं आहे. मी दुसऱ्या कुणाचीही गाडी मागू शकत होते, भाऊजींच्या हातातून किल्ली हिसकावू शकत होते. मी थांबले. यांच्यावरचा माझा निम्मा राग माझ्यावरचाच आहे, पण उरलेला निम्मा यांचाच, आणि तो मी कुणाला देणार नाही.

आई वाचली. डावा हात कायमचा गेला, डावा पाय ओढत चालते. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल एक अवाक्षर निघालं नाही. यांनी गाडी गिरणीमागे लावणं बंद केलं का? छे! फक्त मला सांगणं बंद केलं.

आईला त्या गाडीत बसता येतं, हे मला नंतर कळलं. बैठक बरोबर तिच्या मांडीच्या उंचीला. मागे टेकली की झालं, मग पाय मी आत उचलून ठेवायचे. वरच्या कडीला मी तिच्या जुन्या लुगड्याचा काठ बांधला. तो उजव्या हाताने धरून ती स्वतःला ओढून घेते. दुसऱ्या गाडीत तिला दोघांनी पोत्यासारखं उचलावं लागतं आणि मग ती दिवसभर कुणाशी बोलत नाही. म्हणून गाडी जुनी झाली तरी मी दुरुस्त करत राहिले. आम्हा मायलेकींना ती डॉक्टरकडे नेते, आठवडे बाजाराला नेते, प्रवरेच्या काठी माहेरचं देऊळ दाखवून आणते.

मधल्या काळात कंपनीचं नशीब पालटलं. गाड्या मोठ्या झाल्या, उंच झाल्या, टीव्हीवर येऊ लागल्या. ज्यांनी नाकं मुरडली होती तेच आता नंबर लावून उभे. भाऊजींनी तर सगळ्यात मोठी घेतली आणि गावभर पोवाडे सुरू केले. एकदा पंपावर चाचा भेटले. ते अजून जुनीच चालवतात. म्हणाले, "सर्विशिंगला गेल्तो. बसाया सोफा हाय, प्याया काफी हाय. पन आपल्या गाडीकडं बघाया मानूस न्हाई. ही अजून चालतीय व्हय, म्हनत्यात!" बघा म्हणजे! ज्यांच्या जिवावर कंपनी तगली, तेच आता तिला नकोसे.

यांच्या डोक्यात मोठी गाडी भाऊजींनीच भरवली. हे रिटायर झाले होते, हौस होती. मी म्हटलं, घ्या. जुनी बदल्यात द्यायची असं दोघांनी परस्पर ठरवलंय, हे मला शोरूममध्ये कळलं.

"घरच्या सगळ्यांना घेऊन या" असं शोरूमवाले म्हणाले होते, म्हणून आईलाही नेलं. आमची गाडी फाटकात शिरली तसा वॉचमन धावत आला. "साहेब, जुनी गाडी मागं. वर्कशॉपच्या पलीकडं. पुढं बरं दिसत न्हाई." त्यांच्याच कंपनीची गाडी, त्यांच्याच दारात! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यांनी मात्र मान डोलावली. आम्हाला उतरवलं आणि मागे लावून आले. सवयच ती.

आत एसी, फुगे, लाल कापडाखाली झाकलेली गाडी. मी ओवाळलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सेल्समन उत्साहाने म्हणाला, "आजींना पहिलं बसवू या." दोघांनी धरलं, पण आईचा पाय त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर काही जाईना. ती घामाघूम झाली. म्हणाली, "नको रे बाबांनू, सोडा मला." तो म्हणाला, "पायरी बसवून मिळते मॅडम, वेगळी." भाऊजी हसून म्हणाले, "होईल सवय."

मग मोबाईल समोर धरून यांचा व्हिडिओ सुरू झाला. जुने ग्राहक म्हणून. यांनी कॉलर नीट केली आणि वर्गात शिकवायच्या आवाजात बोलले, "या कंपनीवर आमचा पहिल्या दिवसापासून विश्वास. लोक हसले, पण मी ही गाडी कायम अभिमानाने मिरवली. अडीअडचणीला ती आमच्या कुटुंबाच्या उपयोगी पडली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई सोफ्यावर बसून, उजव्या हाताने डावा हात मांडीवर धरून, त्यांच्याकडे बघत होती.

सेल्समनने मोबाईल माझ्याकडे वळवला. "मॅडम, तुम्हीपण दोन शब्द."

मी आरतीचं ताट खाली ठेवलं. म्हटलं, "ही गाडी यांनी आयुष्यभर लपवली. शाळेत गिरणीमागे, लग्नात वजनकाट्यामागे. तिथे ती उसाच्या ट्रॉल्यांत अडकली, म्हणून माझी आई पन्नास मिनिटं पायरीवर पडून होती. तो बघा तिचा हात. आज पण ही गाडी मागेच लावलीय, तुमच्या माणसाने सांगितलं म्हणून. गाडी चांगली आहे. माणसं नालायक निघाली. घाला आता हे टीव्हीवर."

सेल्समन पुटपुटला, "हे आपण कट करू, मॅडम." भाऊजी काचेतून बाहेर बघू लागले. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जवळ येऊन हळूच म्हणाले, "अगं, लोक बघतात."

"बघू देत," मी म्हटलं. "बदल्यात द्यायचा कागद फाडा. माझी सही मिळणार नाही. नवी तुम्हाला लखलाभ, भाऊजींना बसवून फिरवा. आता जा, आणि आईची गाडी घेऊन या. पुढच्या दाराला. अगदी काचेसमोर."

यांनी खिशातून किल्ली काढली. मग गेले. बूट झटकले नाहीत.

मी आईला धरून दारात आणलं. वॉचमन काही बोलायला पुढे आला आणि माझं तोंड बघून मागे सरला. आई ओठ सावरत म्हणाली, "गाडी आली का?"

मी मनगटावरचं घड्याळ बघत होते. वर्कशॉपच्या कोपऱ्यावरून ती वळली, सर्दीचा हॉर्न वाजला, आणि फुलांच्या तोरणाखाली येऊन उभी राहिली. यांनी खाली उतरून दार उघडलं. लुगड्याचा काठ खाली ओढून आईच्या हातात दिला.

"आली, आई," मी म्हटलं. "चार मिनिटं लागली."