दोनशे वीस वजा पंच्याहत्तर

गमरे सरांची माझी पहिली भेट मुलाखतीतली. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या त्यांच्या केंद्रात हृदयविकारातून उठलेल्या रुग्णांना व्यायाम देण्याचे काम होते. सरांनी विचारले, "पन्नाशीच्या माणसाच्या हृदयाचे कमाल ठोके किती?"

"दोनशे वीसमधून वय वजा. एकशे सत्तर."

"कुठल्या माणसाचे?"

उत्तरही सरांनीच दिले.

"तो सरासरीचा अंदाज आहे. समोरच्याचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळा निघतो. त्यात नाडी मंद करणारी गोळी चालू असेल, तर आकडा बाजूला ठेवायचा आणि माणसाला बोलतं करायचं."

मी तिथे रुजू झाले. सरांची पद्धत ठरलेली होती. ट्रेडमिलवर चालणाऱ्याने सरांना आपल्या घरचा रस्ता सांगायचा. पूर्ण वाक्ये आली तर वेग योग्य. शब्द तुटू लागले की कमी करायचा. जीन्सच्या कारखान्यातले एक कटिंग मास्तर धापा टाकत म्हणाले, "मांजर्ली... देवळाच्या मागे... सर, तुम्ही येणार तर नाही, मग फुकट कशाला दमवता?"

"येणार ना." सर माझ्याकडे वळले. "मॅडम, वेग कमी करा, मास्तरांचं घर अजून लांब आहे."

पुढे मांजर्लीत नदीचे पाणी शिरले. ते ओसरताच सर औषधे घेऊन मास्तरांच्या दारात उभे राहिले. पत्ता कुणाला विचारावा लागला नाही.

गेल्या वर्षी सरांना पक्षाघात झाला. पाय सावरले, वाचा गेली. बदलापूरला त्यांच्या सोसायटीच्या आवारात आता मी त्यांना चालवते. नाडी मंद करणारी ती गोळी त्यांनाही चालू आहे, म्हणून आकडा उपयोगाचा नाही. आणि बोलायला सांगता येत नाही. जास्त चालवले तर हृदयावर ताण, कमी चालवले तर पायांतली ताकद जाणार. म्हणून सरांच्या घरचा रस्ता मीच सांगते, मुद्दाम चुकीचा.

"स्टेशनवरून उजवीकडे."

सर हात हलवून नाही म्हणतात.

"मग डावीकडे?"

मान होकारार्थी हलते. चुकीचे वळण सांगूनही हात हलला नाही, की मी खुर्ची पुढे करते. सर बसतात आणि माझ्याकडे पाहत राहतात. मी काय करते आहे, ते त्यांना पहिल्याच दिवशी कळले असावे.

हे मी सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवअंकासाठी लिहिते आहे. अमृतमहोत्सवाच्या समारंभात सरांना दोन शब्द बोलण्याचा आग्रह कुणी करू नये, ही विनंती.

सूत्राप्रमाणे सरांचा आकडा आज एकशे पंचेचाळीस. दर वाढदिवसाला त्यातून एक ठोका कमी होतो. तो आकडा मी वापरणार नाही. पण पुढच्या वर्षी एकशे चव्वेचाळीस लिहायला मिळावे, त्यानंतर त्रेचाळीस, आणि ही वजाबाकी मला पुष्कळ वर्षे करता यावी.