दारातली रिकामी खुर्ची

रिकामं स्टोअर बघून समाधान वाटणारा स्टोअरकीपर मी आयुष्यात एकच पाहिला. सगळा कारखाना त्यांना दादूस म्हणायचा. मूळचे शिरवण्याचे आगरी. वर्षाचा भात कणगीत भरून ठेवणाऱ्या घरात वाढलेले. आमच्याकडे येऊन मात्र त्यांना साठवणीचा रागच आला.

कंपनीची पद्धतच तशी होती. माल साठवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच आणायचा. काही संपलं की रिकाम्या निळ्या क्रेटला मालाच्या नावाचं कार्ड लावून तो दाराशी ठेवायचा. पुरवठादाराची गाडी येऊन भरलेला क्रेट ठेवून जायची. मी हे सगळं कॉलेजात शिकून आले होते. दादूस ते सोवळ्यासारखं पाळत. "बाय, मोकलं भांडं उंबऱ्यात ठेवलं का कोनतरी भराला येतंच," ते मला सांगत. "म्हनून कार्ड लावाचं. नायतर काय येल त्याचा नेम नाय."

एकदा गडबडीत एक क्रेट बिनकार्डाचा दाराशी राहिला. सकाळी बघतो तर भरलेला. आत कोरे, तेल लावलेले वॉशर होते, आम्ही केव्हाच भंगारात काढलेल्या मशीनचे. पुरवठादार म्हणाला, हा माल बनवणं आम्ही कधीच बंद केलं. साहेबांनी चौकशी लावली, म्हणजे दोन वेळा चहा मागवला. दादूसांनी त्या क्रेटला कुणाला हात लावू दिला नाही.

त्यांची बायको गेली तेव्हा मी घरी गेले होते. ती ज्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मासळी निवडायची, ती आत कोपऱ्यात उलटी करून ठेवलेली. "सुलटी ठेवली तर मोकली दिसल," एवढंच म्हणाले. एरवी मी त्यांची थट्टा केली असती.

निवृत्तीनंतर ते फार खंगले. ऐरोलीला राहणारा मुलगा बोलावून थकला, पण ते घर सोडीनात. एका संध्याकाळी मी सहज गेले, तर ती खुर्ची उंबऱ्यात होती. सुलटी, स्वच्छ पुसलेली.

"दादूस, कार्ड विसरलात," मी हसत म्हटलं. हसणं मलाच खोटं वाटलं.

"इसरलो नाय. तिच्याबिगर जेवन जात नाय, बाय. पन कार्डावर तिचं नाव लिवाला हात धजला नाय."

मी खुर्ची उचलायला वाकले. त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली. मला भीती वाटली, त्याहून जास्त त्यांची दया आली, आणि मी खुर्ची तिथेच राहू दिली.

सकाळी मुलाचा फोन आला. दादूस त्या खुर्चीत बसलेले सापडले होते. जीव केव्हा गेला, कुणाला कळलं नाही. बायको गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

माणसं स्मशानातून परतली तोवर कुणीतरी खुर्ची धुऊन पुन्हा उंबऱ्यात वाळत ठेवली होती. मी ती उचलायला गेले तेव्हा मुलगा म्हणाला, "राहू द्या ना ताई दारातच. कोणी आलं तर बसेल."

मी खुर्ची आत नेली आणि कोपऱ्यात उलटी करून ठेवली.