जपानवाली जाऊ

युमी सकाळी नऊच्या आधी उठत नसे. जपानी माणूस घड्याळाच्या काट्यावर चालतो हे वलगावात सगळ्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे ती आजारी असावी असं समजून शेजारणी काढा पाठवत. ती काढा पिऊन पुन्हा झोपे. मी त्या घरची मोठी सून, पाचला उठणारी, पण मला कुणी कधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

धाकट्या दिरानं ओसाकात नोकरी करताना तिच्याशी लग्न केलं. दोघं वर्षभर आमच्याकडे राहिली. तिनं ठेचा खाल्ला की अंगणात टाळ्या. अमरावतीचा ऑटोवाला तिला कराटे करून दाखवायला सांगे. “दादा, मले फक्त झोपता येते,” ती म्हणे. सगळे हसून लोटपोट. मी जळत होते, दुसरं काय!

बुद्धपौर्णिमेला मात्र हद्द झाली. लग्न होऊन आल्यापासून विहारात पाली भाषेतली वंदना मी घ्यायची. गावात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा. त्या दिवशी सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आज वंदना युमी घेईन. बौद्ध देशातली पोरगी हाये, तिले काय शिकवा लागते?” मी मागे जाऊन बसले.

युमी पांढऱ्या साडीत उभी राहिली. “आई, मले नाही येत. आमच्या घरी कोणालेच पाली येत नाही. ताईले येते.” आता तरी हिचं हसं होईल, मला वाटलं. कसलं काय! “किती साधी पोरगी हाये माय,” म्हणत बायांनी तिलाच जवळ घेतलं. मी वंदना घेतली, तेव्हाही निम्मा विहार तिच्याकडेच बघत होता.

संध्याकाळी माझ्याशेजारी भांडी विसळताना ती एकदम रडायला लागली. “ताई, तुमाले कोणी काही विचारत नाही. तुमी नुसत्या ताई. मले रोज अख्खा जपान व्हा लागते. मले तुमचा हेवा वाटते.” माझा हेवा! मी तिच्या हातातली कढई घेतली आणि तिला चहा करून दिला. त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी चहा प्यायचो. मी तिला काही म्हणजे काही विचारत नसे.

आता ती ओसाकात असते. परवा फोनवर सांगत होती, शेजारी केरळची एक बाई राहायला आली आहे. “सगळे तिले योगा शिकवा म्हणतेत. ते बिचारी कंटाळली. मी काहीच विचारत नाही, नुसता चहा पाजते. तिलेबी ताईच म्हणते.”

ताई म्हणते! त्या केरळच्या बाईचं मी तोंडही पाहिलेलं नाही, पण मला तिचा असा काही राग आला की दिवसभर घास गोड लागला नाही.