करंगळीवरचं कुंकू

खंडेनवमीला सम्राटनं रायफलीच्या पोटात कुंकू भरलं. त्याच्या मते नुसतं लावलं. कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरात त्या दिवशी ट्रॅक्टर, विळे, खुरपी, लॅपटॉप सगळ्यांची पूजा झाली. लॅपटॉपच्या पडद्याला डाग लागू नये म्हणून त्यानं केवढी काळजी घेतली. रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळीच्या पाठीमागं सरकून बसणारी लोखंडी दांडी, मात्र मागं ओढलेला होता, आत काळं भोक दिसत होतं, आणि नैवेद्य तोंडाशी धरतात एवढं ज्ञान त्याच्यापाशी होतं. पाण्यात कालवलेलं कुंकू त्यानं बोटानं आत गोल फिरवलं. बाहेर ओघळलेलं पुसून काढलं. आतलं राहिलं ते देवाच्या हवाली.

रायफल त्याच्या आबांची, म्हणजे बाळासोंची. राधानगरीकडं त्यांचं भाताचं रान आहे, तिथं रानडुकरं येतात म्हणून लायसन. आबांचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला. पेपर, क्रिकेट आणि रायफल हे सगळं उजव्या डोळ्यावर चाललेलं. नेम धरताना तो डोळा बोल्टाच्या मागं वीतभर अंतरावर असतो.

दसऱ्याआधी बोल्टाचं पुढचं तोंड तडकलं होतं. ते बंदुका दुरुस्त करणाऱ्या इमामचाचांनी बदललं, पण नवं नीट बसलंय का ते तपासायचं गेज मिरजेच्या एका कारागिरानं नेलेलं. आबा काही रायफल दुकानात ठेवायला तयार नव्हते, खंडेनवमीला ती घरात पाहिजे म्हणजे पाहिजे. चाचांनी बजावलं, "पूजा करा, फोटो काढा, पण गेज आल्याबिगर गोळी भरायची न्हाय."

इमाम शिकलगार. आजा संस्थानच्या काळात तलवारींना पाणी द्यायचा. नातू, म्हणजे चाचा, आता ब्लाऊज शिवणाऱ्यांच्या मशिनीही दुरुस्त करतात, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना हसत सांगतात. सम्राट लहान होता तेव्हा दुकानाची शान वेगळी होती. जोतिबाच्या यात्रेआधी फुगेवाले एअरगन घेऊन रांग लावायचे. चाचा एकेक नळी डोळ्याला लावून सरळ करून द्यायचे, आणि फुगेवाले गल्लीच्या तोंडाशी जाऊन ती परत वाकडी करायचे. "धंद्याला सरळपणा सोसत न्हाय बाबा," चाचा म्हणायचे.

आबांच्या लुनावर मागं बसून सम्राट यायचा तो करंगळी बघायला. बंदूक मोकळी आहे असं कुणीही सांगो, चाचा मान डोलवायचे, नळीचं तोंड मागच्या मातीच्या भिंतीकडं करायचे आणि तरीही आत करंगळी घालायचे. ती तेलानं काळी होऊन बाहेर यायची. मग काम. बंदूक पास झाली की मालकानं चाचांना गंगावेशीत न्यायचं, म्हशीखालचा, ताज्या धारेच्या दुधाचा ग्लास पाजायचा, हा रिवाज. दाढीला फेस लागलेले चाचा आणि मिशीला फेस लागलेले आबा सम्राटला अजून आठवतात. त्याला अर्धा ग्लास मिळायचा, तोही उपकार केल्यासारखा.

आता दसऱ्यानंतर आबा आणि सम्राट रायफल घेऊन गेले तेव्हा गेज आलं होतं. आबा घाईत होते. शुक्रवारी त्यांना रानात जायचं होतं.

चाचांनी नळी भिंतीकडं केली. करंगळी पुढं आली आणि थांबली. तिचं पेर सुजून लिंबासारखं झालं होतं. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं.

"मोकळी हाय."

बघितलं ते मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. सम्राटला खंडेनवमीचं कुंकू आठवलं, पण ते त्यानं देवावर ढकललं.

चाचांनी बोल्टातली पिन आणि स्प्रिंग काढून ठेवली. मग गोळीच्या आकाराचे दोन पोलादी तुकडे पुढं घेतले. बोल्टाचं तोंड आणि गोळीची पाठ यांच्यात किती फट उरते ते हे दोघं सांगतात. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला पाहिजे. दुसरा केसभर जाड, त्याच्यावर बंद होता कामा नये. झाला, तर फट जास्त.

पहिल्यावर बोल्ट बंद झाला. दुसऱ्यावर अडला.

"झालं. न्या," चाचा म्हणाले.

आबा उठले. चाचांनी बोल्टाची मूठ अंगठ्यानं आणि एका बोटानं परत खाली दाबून बघितली, अगदी हलकी.

"थांब बाळासो."

"आता काय?"

"अडतोय, पण मऊ अडतोय. लोखंडावर लोखंड असं अडत न्हाय." त्यांनी गेज काढलं आणि सम्राटकडं बघितलं. "तुझी करंगळी घाल आत."

"माझी?"

"मग काय बाळासोची घालू? त्येची केळ्याएवढी हाय."

सम्राटला आता देवावर काही ढकलता येईना. त्यानं करंगळी घातली. बाहेर आली ती टोकाला लालभडक.

आबांनी ती करंगळी उजेडात धरली. मग आबा म्हणाले, "रायफलीचं लगीन लावलंस व्हय रं?"

"पूजा केलती, आबा."

"आतनं?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी ब्रश आणि चिंधीनं आतली बैठक पुसली, चिंधी पांढरी येईपर्यंत पुसली, आणि दुसरा तुकडा परत घातला. मूठ कसलाही जोर न लावता सरळ खाली बसली.

"बघ," ते आबांना म्हणाले. "कुंकवानं फट भरून काढलती. शुक्रवारी गोळीचं पितळ मागनं फाटलं असतं, नि गरम वाफ थेट तुझ्या डोळ्यात."

आबांनी उजवा डोळा चोळला. मग खाली बसले.

"मी बी न्या म्हटलतो की," चाचा हळूच म्हणाले आणि सुजलेलं पेर दाबत बसले. मग त्यांनी फळीवरचा बिस्किटाचा डबा काढला. त्यात बोल्टाची जुनी तोंडं होती, केसाकेसानं कमीजास्त लांबीची. एक बसवलं, बोल्ट पहिल्या तुकड्यावरच बंद होईना. दुसरं तोंड बसवलं, पहिल्या तुकड्यावर बंद, दुसऱ्यावर अडला. ह्या वेळी टक्‌ असा कोरडा आवाज आला. चाचांनी तीन वेळा काढून घालून बघितलं, आणि दर वेळी आधी सम्राटची करंगळी आत गेली. शेवटी ती तेलानं काळी होऊन आली. सम्राटला ती पुसवेना.

"चला चाचा, गंगावेशीत," तो म्हणाला. "आज मी पाजतो."

"ह्या टायमाला म्हस येती व्हय? नि गुडघा बी धरलाय. बाकी ठेव."

"बाकी कशाला?"

"मग बाटलीतलं दूध आणतोस काय? आमी न्हाय पीत."

शुक्रवारी आबा रानात गेले, डुकरं आली नाहीत, आबा उजव्या डोळ्यानं पेपर वाचत परत आले. दिवाळी झाली. सम्राट संध्याकाळी गंगावेशीतनं जाताना गाडी हळू करतो. म्हशी उभ्या असतात, ग्लास फेसानं भरत असतात. दोनदा त्यानं फोन लावला. एकदा चाचा म्हणाले गुडघा, एकदा म्हणाले पाहुणे आलेत.

तो ग्लास अजून बाकीच आहे.