कोणावरही भरवसा नसलेला बोर्ड

नवा सेल हातात आला की ताहिर तो आधी वजनकाट्यावर ठेवतो. स्वस्त लिथियम सेलवर मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि आत निम्मा माल असतो, असं त्याचं म्हणणं. वजन कमी भरलं की तो सेल दोन बोटांत धरून विकणाऱ्याकडे असा बघतो की तो माणूस मुकाट्याने परत घेतो. वजनाला पुरा भरलेला सेलही सुटत नाही. तो भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा आणि खरोखर किती वीज देतो ते मोजायचं. छापलेल्या आकड्यावर ताहिरने कधी विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही.

माणसांच्या बाबतीतही तसंच. एखादं यंत्र दुरुस्त करून बंद केलं की तो स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका देतो. ठिपका तडकलेला दिसला, म्हणजे मागाहून कोणीतरी उघडलं. एकदा त्याच्या अराद भागातल्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा त्याची बायको अजरा वाढता वाढता म्हणाली, "लग्नाच्या वेळी यांच्याकडे काटा नव्हता, म्हणून मी पास झाले." ताहिर हसला नाही. तो पापलेटाचा तुकडा उलटून बघत होता.

मनामातली आमची कंपनी लहान आहे. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना ती इलेक्ट्रॉनिक्सचं सामान पुरवते. ताहिर वर्कशॉप बघतो, दत्ताराम स्टोअर सांभाळतो आणि हिशेब व कर्मचाऱ्यांचे कागद माझ्याकडे असतात. ताहिर श्रीवर्धनचा, दत्ताराम गुहागरचा. दोघं साधारण एकाच सुमारास बहारीनला आले. चहा रोज एकत्र पितात, मात्र धुऊन आलेला कपही ताहिर स्वतः पुन्हा विसळून घेतो. दत्ताराम त्यावरून त्याला चिडवायचा, पण प्रेमाने.

मागच्या वर्षी ताहिरने एक बोर्ड करायला घेतला. शाळेतली मुलं मायक्रोकंट्रोलर वापरून छोटी यंत्रं बनवतात, पण ती सगळी यंत्रं वायरने भिंतीला बांधलेली. मुलाने गाडी बनवली तरी ती वायर पुरेल तेवढीच पळणार. ताहिरचा बोर्ड मायक्रोकंट्रोलरच्या डोक्यावर टोपीसारखा बसायचा. त्याला एक चपटा लिथियम सेल प्लगने जोडायचा. मोबाइलच्या चार्जरवर सेल भरायचा आणि मग वायर काढली तरी यंत्र चालत राहायचं. नकाशा त्याने घरीच कॉम्प्युटरवर काढला, बोर्ड चीनमधून छापून आणले आणि बारीक भाग भिंगाखाली स्वतः बसवले. पहिले बोर्ड उत्तम चालले. अरबाबने, म्हणजे आमच्या बहारिनी मालकाने, ते शाळांना दाखवायचं ठरवलं आणि आणखी सेल मागवले.

त्या नव्या सेलांनी घोटाळा केला. शाळांना दाखवायची घाई होती, म्हणून ताहिरने या वेळी न मोजताच पहिला सेल बोर्डला लावला आणि चार्जिंगच्या चिपमधून धूर निघाला. चिप खराब असेल म्हणून त्याने दुसरा बोर्ड घेतला. तोही जळला. तिसऱ्याच्या वेळी त्याने वास येताच प्लग उपटला, पण चिप गेलीच होती.

आता ताहिरने सेल काट्यावर ठेवले. जुन्यांपेक्षा वजनाला थोडे हलके भरले. मग तो स्टोअरमध्ये गेला आणि त्याला सेलचं दुसरं, अजून न वापरलेलं खोकंही उघडलेलं दिसलं. झालं. त्याच्या डोक्यात सगळं जुळलं. चांगले सेल बाहेर विकले गेले होते आणि त्यांच्या जागी कचरा भरून ठेवला होता. स्टोअरची किल्ली एकाच माणसाकडे होती.

दत्तारामच्या नावावर एक जुनी गोष्टही होती. पूर्वी त्याने कंपनीचं ड्रिल उम्म अल हस्सम भागातल्या एका मित्राला पडदे लावायला दिलं होतं. ड्रिल दुसऱ्या दिवशी परत आलं, पण ताहिर ते विसरला नव्हता.

तो तक्रार घेऊन माझ्याकडे आला. ती अरबाबकडे जावी, असं त्याचं म्हणणं. मी ती तिथेच थांबवली, कारण त्याच आठवड्यात दत्तारामच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद अरबाबच्या टेबलावर सहीसाठी होते. चोरीची तक्रार गेली असती तर सही झाली नसती, आणि या वयात दत्तारामला गुहागरला परत जाऊन काय करायचं हे ठाऊक नव्हतं. ताहिरलाही कागदांची कल्पना होती. म्हणूनच घाई होती की काय, असं क्षणभर माझ्या मनात आलं. संशयाच्या शेजारी बसलं की तो आपल्यालाही लागतो.

मी त्याला सांगितलं की यंदा नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल नव्हता, अरबाबनेच दुबईच्या दुसऱ्याकडून सेल मागवले. ताहिर म्हणाला, व्यापारी बदलला म्हणून वजन वेगळं, हे ठीक, पण खोकं कशाला उघडलं? मग मी दत्तारामला बोलावलं. नग मोजून घ्यायला खोकं उघडावंच लागतं, आलेला प्रत्येक माल आपण असाच घेतो, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याने ताहिरकडे एकदाही बघितलं नाही. शेवटी खिशातून स्टोअरची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ज्याच्यावर भरवसा असेल त्याला द्या," तो म्हणाला आणि निघून गेला.

ती किल्ली टेबलावरच राहिली. मी ताहिरला म्हटलं, तोंडी आरोप मी वर नेणार नाही. जुना सेल आणि नवा सेल माझ्यासमोर मोज, दोघांचा शेजारी शेजारी फोटो काढ, मग बघू. ताहिर लगेच मीटर घेऊन आला. मीटरचं लाल टोक लाल तारेला, काळं काळ्या तारेला. जुना सेल बरोबर दाखवत होता. नवाही बरोबर दाखवत होता. ताहिरच्या कपाळावर आठी पडली, पण तो म्हणाला की कचरा सेलसुद्धा सुरुवातीला आकडा बरोबरच दाखवतो.

मग फोटो. त्याने सेल टेबलावर कसेतरी टाकले. मला वेडंवाकडं चालत नाही. मी म्हटलं, दोन्ही प्लगची तोंडं एका बाजूला कर, नाहीतर अरबाबला काय कळणार? त्याने ती सरळ केली, मोबाइल धरला आणि तसाच धरून राहिला. फोटो काढला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने मोबाइल खाली ठेवला. जुन्या सेलच्या प्लगमध्ये लाल तार डावीकडे होती आणि नव्याच्या प्लगमध्ये उजवीकडे. प्लग तोच, बोर्डात बसतोही तसाच घट्ट. दुबईच्या व्यापाऱ्याच्या कारखान्यात फक्त तारा उलट्या बाजूंना बसवल्या होत्या. बोर्ड रंग बघत नाही, जागा बघतो. त्याच्या दृष्टीने प्रत्येक नवा सेल उलटा लागत होता.

"तार लाल आहे एवढंच बघितलं मी," ताहिर हळूच म्हणाला. "कुठल्या बाजूला आहे, ते बघितलंच नाही."

जगात कोणावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाने एका लाल तारेवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्याला ते माझ्याआधी कळलं होतं.

"तक्रारीचं काय करू?"

"खलास," तो म्हणाला.

मी सुचवलं की दत्तारामला आत्ताच जाऊन सांग. त्याने नकारार्थी मान हलवली. बोर्ड सुधारून आला की सांगेन, म्हणाला. त्या दिवशी मीच किल्ली नेऊन दत्तारामला दिली आणि झालं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, किल्ली खिशात टाकली आणि खोकी मोजत राहिला. कागदांवर अरबाबची सही झाली.

नवा नकाशा करायला ताहिरने बराच वेळ घेतला. सेल उलटा लागला तर वीज अडवून धरणारा एक भाग त्याने वाढवला आणि प्लगशेजारी अधिक-उण्याच्या खुणा ठळक छापून घेतल्या. बोर्ड आल्यावर तो मला घेऊन स्टोअरमध्ये गेला. दत्तारामसमोर बोर्ड ठेवला आणि दुबईचा सेल त्याच्यापुढे धरला.

"उलटा आहे हा. लाव."

दत्तारामने हात पाठीमागे घेतले. "जळला तर नाव कोणाचं, ते आधी सांगा, ताहिरभाई."

"माझं."

"साहेब ऐकतायत."

"ऐकू देत."

दत्तारामने प्लग दाबला. धूर नाही, वास नाही, दिवाही नाही. बोर्ड नुसता थंड पडून राहिला. मग ताहिरने जुना सेल दिला. तो लावताच हिरवा दिवा लागला. दत्ताराम म्हणाला, बरा झाला. ताहिरला आणखी काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं, पण तेवढ्यात चहा आला.

ताहिरने नेहमीप्रमाणे आपला कप विसळला. तो बाजूला झाल्यावर दत्ताराम नळाशी गेला आणि त्यानेही आपला कप विसळून घेतला. पूर्वी तो घेत नसे.